आडवं का उभं?

"थांबा हं जरा, बंद सुटला."

आमच्या नर्सबाईंची आठवण काढली की मला आधी हे वाक्य ऐकू येतं, बाई मागाहून दिसतात. बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या, समोर जे असेल त्यावर पाय ठेवायच्या आणि वाकून बुटाचा बंद बांधायच्या. दवाखान्याची पायरी, होडीचा काठ, भाताचं पोतं, काहीही चालायचं. एकदा एका अंगणात त्यांनी पालथ्या उखळावर पाय ठेवला, तेव्हा घरच्या सासूबाईंनी बाळंतिणीला सोडून आधी उखळ धुऊन काढलं. बाईंना त्याचं काहीच नाही. बंद बांधतानाही तोंड चालूच. "पाणी उकळलं का? भरती किती वाजता? कंपाउंडर, पेटी घेतलीत ना?" मग उठून दहा पावलं जायच्या आणि दुसरा बंद सुटायचा.

तो कंपाउंडर मी. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. आगरदांड्याजवळच्या आमच्या गावात लहानसा दवाखाना होता. डॉक्टर मुरुडहून आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस गाव आमच्या दोघांच्या हवाली. बाई मूळच्या घाटावरच्या, समुद्र त्यांनी नोकरीमुळेच पाहिला. पहिल्याच आठवड्यात चपला घालून खडकावरून गेल्या आणि कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय चिरून आल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायांत काळे पुरुषी बूट होते. पांढरं लुगडं आणि खाली ते बूट. गावाला हसायला वर्षभराचं साधन झालं.

मला हसू आलं नाही, कारण त्यात माझं नुकसान होतं. खाऱ्या पाण्याने बुटांचे मूळचे बंद महिन्याभरात कुजले आणि बाईंनी माझ्या कपाटातल्या फितीला हात घातला. बाळाची नाळ बांधायची पांढरी सुती फीत. मी ती वीतभर कापून, उकळून, डब्यात जपून ठेवायचो. बाईंनी तिचाच चार हात लांब तुकडा कापून बुटांत ओवला.

"बाई, ही फीत बुटांसाठी नाही."

"अहो कंपाउंडर, मीच वाटेत पडले तर नाळ कोण बांधणार? तुम्ही?"

फीत गेली ती गेली. काळ्या बुटांवर बंदांची ती पांढरी फुलं लांबून दिसायची, आणि बाई येताहेत हे गावाला फर्लांगभर आधी कळायचं.

काही माणसांकडे नुसतं पाहून आपल्याला दम लागतो, तुम्हीही अशी पाहिली असतील. बाई चहा उभ्यानेच प्यायच्या. बसा म्हटलं तर म्हणायच्या, "बसते की, हे एवढं झालं की." ते एवढं कधी व्हायचंच नाही. बाळंतपण उरकून परत आल्यावर तासाभराने पुन्हा त्याच घरी जाऊन पाहून यायच्या, आणि कशासाठी गेला होतात म्हटलं तर त्यांनाच सांगता यायचं नाही. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? पेटी उचलून त्यांच्यामागे धावायचं मला होतं.

तीन वर्षांत त्यांच्या हातचं एकच मूल दगावलं. मिठागरापलीकडच्या वाडीवर, जन्मल्यानंतर दुसऱ्या दिवशी. घरचे म्हणाले वारं लागलं. डॉक्टर म्हणाले अशक्त होतं. बाई त्यानंतर महिनाभर काही काम नसताना त्या वाडीवर जाऊन यायच्या.

आता मावशीचं सांगतो. कोळीवाड्यातली ही म्हातारी सुईण. बाई येण्याआधी गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती, त्यांत मीही होतो. बाई आल्यावर मावशी भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती भांडली नाही. बाळंतपण बाईंनी करायचं, आणि बाळाला न्हाऊ घालायचं, शेकायचं, चोळायचं ते मावशीने, अशी वाटणी आपोआप झाली. बाई निघाल्या की मावशी पाटावर बसून पाय लांब करायची आणि बाळाला पायांवर घ्यायची. कमी बोलायची. सुक्या मासळीच्या टोपलीशेजारी बसलेली दिसायची आणि बसलेलीच दिसायची. बाईंच्या नेमकी उलट.

एके दिवशी सकाळी कोळीवाड्यात एक मुलगी झाली. बाई तिथून तडक धक्क्यावर आल्या. देवी टोचायला आम्हाला खाडीपलीकडे दिघीला जायचं होतं. होडी भरेपर्यंत तासभर गेला, तेवढ्यात मावशीही येऊन बसली, सुकट विकायला निघालेली. तांडेलाने होडी लोटली नाही तोच बाई म्हणाल्या, "थांबा हं जरा..." आणि पाय आडव्या फळीवर ठेवला.

मावशी समोर बसून पाहत होती. पाहून पाहून म्हणाली, "बाय, तुजी गाठ उभी बसते गो."

"म्हणजे?"

"तुज्या फुलाचं एक पान बोटांकरं, एक घोट्याकरं. उभं फूल ऱ्हात न्हाय. आरवं बसाय पायजेल, या कानाकरून त्या कानाकरं."

असं म्हणून तिने बाईंचा दुसरा पाय सरळ आपल्या मांडीवर ओढला. होडीतले सगळे वळून पाहायला लागले. कुणाच्या बुटाला असा कुणी हात लावत नाही, त्यातून सुईण. पण मावशीला जाळी विणायची सवय, तिला फक्त दोरी दिसत होती. तिने बंद सोडला, पहिला वेढा घातला आणि फूल करताना हात उलटा फिरवला. "पयल्यांदा डावा वर, तं दुसऱ्यांदा उजवा वर. तू दोनी येळी येकच हात वर ठेवतंस. मंग गाठ सरकते." फूल खरोखरच बुटावर आडवं बसलं. बाईंनी ओढून पाहिलं. हलेना.

"अगं बाई! तीन वर्षं मी उगाच वाकते आहे," असं म्हणून बाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. दोन्ही हात समोर धरून त्यांनी हवेतच गाठ मारून पाहिली. एकदा, दोनदा. माझ्याकडे वळल्या तेव्हा तोंडाचा रंग उडालेला.

"कंपाउंडर, नाळेलासुद्धा मी अशीच मारते."

नाळेला फूल नसतं, पण वेढे तेच. फीतही तीच, माझ्या कपाटातली. मला आधी काही कळलंच नाही. बाई तोवर उभ्या राहिल्या होत्या. "होडी फिरवा. सकाळची मुलगी... अहो, होडी फिरवा!"

"ओ बाय, खाली बसा! होरी कलंडंल," तांडेल ओरडला. ओहोटी लागली होती, पाणी होडीला पुढेच ओढत होतं. बाईंना बसवेना. मागच्या किनाऱ्याकडे पाहत त्या नुसत्या काठ धरून उभ्या होत्या.

"बस गो," मावशी म्हणाली. "सकालचा मी बांदलंय."

"तू? कधी?"

"आंगोल घालताना. तुजा सोरलं आनि परत बांदलं."

"आजच?"

मावशीने टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं. "तीन वर्सं."

बाई कुणीतरी खांदे दाबल्यासारख्या खाली बसल्या. तीन वर्षं ही म्हातारी त्यांच्यामागून जाऊन प्रत्येक घरी एक गाठ सोडत होती आणि एक बांधत होती. कुणाला बोलली नव्हती. बाईंनाही नाही. "का नाही सांगितलंस?" असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू शिकलेली बाय. चार बायांत तुला कशी बोलू? आज फक्त बूट व्हता म्हनून बोल्ले."

मग तिनेच मान वर करून पुढच्या किनाऱ्याकडे पाहिलं. "पर दिगीला आंगोल घालाय मी न्हाय जात."

दिघीला काल दुपारी बाईंनी एका मुसलमान घरी बाळंतपण केलं होतं, खाडीपलीकडचं त्यांचं पहिलंच. मुलगा. बाईंची नजर मागच्या किनाऱ्यावरून पुढच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथेच खिळली. एवढीशी ती खाडी. मी शेकडो वेळा ओलांडली असेल, पण त्या दिवसाइतकी रुंद मला ती कधीच दिसली नाही. बाई पुन्हा उभ्या राहिल्या. तांडेल पुन्हा ओरडला. मी वल्ह्याला हात घातला तर त्याने माझा हात झटकून टाकला, आणि बरोबर केलं, कारण मी होडी उलटी फिरवली असती.

ओहोटीमुळे होडी धक्क्याला लागेना. पन्नास पावलं अलीकडेच रुतली. फळी टाकेपर्यंत बाई चिखलात उतरल्याही. गुडघाभर चिखल. चार पावलांत त्यांनी स्वतः बांधलेला बंद सुटला आणि बूट चिखलातच राहिला. मावशीने बांधलेला पायात. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशा त्या किनाऱ्यावरून धावत सुटल्या. मी चिखलात हात घालून बूट उपसला आणि एका हातात देवीची पेटी, दुसऱ्या हातात बूट घेऊन मागे पळालो. लोक काय म्हणत असतील याचा विचार तेव्हा आला नाही. आता येतो आणि हसू येतं.

दारात बाळाची नानी तांदूळ निवडत बसली होती. "काय झायला बाय? पोर निजलाय. आता कशाला उठवतंय?" पण बाई तोवर आत शिरून हात धूत होत्या.

दुपट्याच्या आतलं फडकं त्यांनी उलगडलं. नाळेवरची फीत सैल होऊन पुढे सरकली होती आणि फडक्यावर बिब्ब्याएवढा ओला लाल डाग होता. फार नाही. पण संध्याकाळपर्यंत तो किती झाला असता, ते मला आणि बाईंना कळत होतं. मी डब्यातली फीत पुढे केली. बाईंनी पहिला वेढा घातला आणि थांबल्या. ओठ हलत होते. "डावा वर. आता उजवा." गाठ बसली. बाळ जोरात किंचाळलं, आणि ते किंचाळणं ऐकून मला जे बरं वाटलं ते सांगता यायचं नाही.

"सहज तपासायला आलो होतो," मी नानीला सांगायला लागलो. नोकरीत माणूस हे लगेच शिकतो. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"नाही नानी. काल माझी गाठ चुकली होती. मूल हातचं गेलं असतं."

नानीने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या त्या एका उघड्या, चिखलाने भरलेल्या पायाकडे. म्हणाली, "चूक झायली तं झायली. तू परत आयलीस ना? अल्लाचा शुकर. बस आता."

आणि बाई बसल्या. जमिनीवर, भिंतीला टेकून. नानीने दिलेला चहा त्यांनी बसून प्यायला. चहासाठी त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर "बंद सुटला" हे वाक्य संपलं आणि दुसरं सुरू झालं. "आडवं का उभं?" बाईंनी स्वतःच्या हातांना अक्षरशः शाळेत घातलं. खिडकीचा गज, खुर्चीचा पाय, माझ्या छत्रीचा दांडा, जिथे जागा मिळेल तिथे फितीच्या गाठी. दुसऱ्यांचे बूट दिसले की थांबायच्या. एसटीचा कंडक्टर, शाळेतले मास्तर, पाहणीला आलेला एक मोठा साहेब, सगळ्यांच्या पायांकडे आधी बघायच्या. "आडवं का उभं?" साहेब खाली बघून गोंधळला. त्याचं उभं होतं. बाईंनी त्याला तिथेच पुन्हा बांधायला लावलं, आणि माझी फीत बुटांना कशी गेली, हे साहेबाने विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

मग त्यांनी आसपासच्या सुईणींचा वर्ग काढला. सहाजणी आल्या. बाईंनी आपला बूट काढून मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, यावर गाठ शिका. एकीनेही हात पुढे केला नाही. ज्या हातांनी बाळ धरायचं, त्यांनी पायातलं शिवायचं? दोघी तर उठूनच चालल्या. बाई रडकुंडीला आल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुरुडला जाऊन लहान मुलाच्या बुटांचा एक कोरा जोड घेऊन आल्या. मावशीने तो पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि सगळ्यांना म्हणाली, "कुनाच्या पायात गेला न्हाय. अजून ती वस्तू हाय. बांदा." मग सगळ्यांनी बांधलं. हळदकुंकू लागल्यामुळे तो जोड पुढे कुणालाच घालता आला नाही. माझ्या कपाटात, फितीच्या डब्याशेजारी, तो बरीच वर्षं होता.

एवढं सगळं झालं तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. आता तर मला दिसायचं की त्या चालतात तेव्हा कुठे जायचं असतं म्हणून चालत नाहीत. दवाखान्याच्या ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. कशासाठी ते मला ठाऊक होतं. मिठागरापलीकडची वाडी. ते बाळ मावशीच्या हातून न्हायलं होतं की नाही, एवढाच प्रश्न. विचारायला त्यांना दोन महिने लागले.

दुपारची वेळ होती. मावशी ओटीवर सुकट निवडत होती. बाई येरझारा घालता घालता थांबल्या. "मावशी, मिठागरापलीकडचं ते मूल. त्याला आंघोळ कुणी घातली होती?"

मावशीने वर पाहिलं नाही. सुकटीतला एक खडा काढून टाकला. "मीच गो. गाठ पन मीच बांदली व्हती. घट व्हती. त्याचा आयुष्यच तवरा."

"नक्की?"

"मंग मी इसरन काय?"

बाईंनी ओटीची आणखी एक फेरी घातली. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." आणि मावशीशेजारी बसून सुकट निवडायला लागल्या. त्यांना ती निवडता येत नव्हती, खडे ठेवून सुकटच फेकत होत्या. मावशी फेकलेली परत वेचून घेत होती.

मी आत औषधं घोटत होतो. माझा हात थांबला होता. ते मूल गेलं त्या दिवसांत मावशी हिवतापाने अंथरुणाला खिळलेली होती. दहा-बारा दिवस तिच्या कडू मिश्रणाच्या बाटल्या मीच भरल्या होत्या. कोळीवाडा सोडून ती कुठे जाणंच शक्य नव्हतं. मावशी खोटं बोलली होती, आणि ते ठाऊक असलेला गावात मी एकटाच, असं मला वाटलं. मी खलबत्ता पुन्हा चालू केला. बाईंना शांत बसलेलं पाहून मला बरं वाटत होतं. ते मोडायचं पाप माझ्याकडून होणार नव्हतं.

त्यानंतर बाई बसायला लागल्या. फार नाही, पण चहापुरत्या बसायच्या. मावशीचं औषध लागू पडलं असं मी मनात म्हणायचो.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, खाडीपलीकडे, खाली दक्षिणेला. निघायच्या दिवशी धक्क्यावर सगळा कोळीवाडा आला होता. दिघीहून ती नानीही आली होती, कडेवर तो मुलगा घेऊन. मावशी खाली बसली आणि चारचौघांदेखत तिने बाईंचे दोन्ही बूट बांधले. या वेळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाईंना स्वतःला छान बांधता येत होतं. तरी त्या उभ्या राहिल्या, पोरीसारख्या, मावशीच्या डोक्यावर हात ठेवून.

होडीत चढण्याआधी त्या माझ्या जवळ आल्या. पेटी माझ्या हातून घेताना हळू आवाजात म्हणाल्या, "कंपाउंडर, तापाच्या त्या बाटल्या तुम्ही भरायचात. पोचवायला कोण जायचं, आठवतंय?"

मला आठवेना. बाटल्या मी खिडकीत ठेवायचो, कुणीतरी न्यायचं.

"मी न्यायची," बाई म्हणाल्या. "वाडीवरून येताना रोज. ते मूल गेलं त्या दिवशीसुद्धा. ती शुद्धीवर नव्हती. ठाऊक होतं, तरी विचारून पाहिलं." त्यांनी मागे वळून मावशीकडे पाहिलं. "तिला सांगू नका. तिला वाटू दे, मला ते पटलं आणि मी बसायला शिकले."

आणि त्या चढल्या. होडी लोटली. बाई बसल्या नाहीत. तांडेल ओरडत राहिला आणि त्या काठ धरून उभ्या राहिल्या, पुढच्या किनाऱ्याकडे तोंड करून. काळ्या बुटांवरची ती दोन पांढरी फुलं बराच वेळ दिसत होती. दोन्ही आडवी.

बाईंची नंतर भेट झाली नाही.

मावशी माझ्या शेजारी उभी होती. डोळ्यांवर हात धरून होडीकडे पाहत तिने विचारलं, "काय बोल्ली रं ती तुला?"

"काही नाही," मी म्हणालो. "बंद छान बसलेत म्हणाल्या."

"बसनारच," मावशी म्हणाली. "मी बांदलेत."